७१५ नंबरचा चिमटा

चिमटा हातात घ्या. दोरीवरच्या कपड्यांना लावतो तसलाच आहे, लाकडी, मधे तारेची स्प्रिंग. एका पाकळीवर हिरवा ऑइलपेंट आणि त्यावर पांढऱ्या रंगात हातानं काढलेला आकडा, ७१५. मधला एक इतका झिजलाय की घाईत ७५ वाटतो. दाबला की उघडतो, सोडला की टक् करून मिटतो, आणि प्रत्येक टक् बरोबर तुम्ही वेगळ्याच सालात, वेगळ्याच पाण्याच्या काठावर उभे असता.

कसं, ते विचारू नका. एच. जी. वेल्सच्या कालयंत्राला निदान बसायला खोगीर होतं, तुम्हाला उभ्यानंच जायचंय. अनुभव म्हणाल तर तुमच्या गाठीला जत्रेतली पत्र्याची फटफट होडी आहे. पोटात तेलाची वात पेटवली की घमेल्यातल्या पाण्यात फटफटत गोल फिरणारी. तेवढा अनुभव पुरे. तिलाही सुकाणू होतं, पण पाण्यात सोडण्याआधी बोटानं वाकवलं ते वाकवलं. एकदा सुटली की तुमचं काही चालत नसे. आज जी माणसं भेटणार आहेत त्यांना नेमकं हेच सलत होतं.

टक्.

१८९८. न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. विजेचं प्रदर्शन भरलंय आणि तुम्ही कडक कॉलरच्या, सिगार ओढणाऱ्या गर्दीत एका हौदाच्या कडेला चेपले गेला आहात. हौदात सुमारे चार फुटांची एक लोखंडी होडी आहे. वरून बंद, पाठीवर उभ्या सळया, टोकांना दिवे. तिच्यापासून कुठेही तार जात नाही, हे लोक पुन्हा पुन्हा वाकून बघतायत. पलीकडे उंच, किडकिडीत, नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस एका पेटीपाशी उभा आहे. निकोला टेस्ला.

तो पेटीवरचा दांडा फिरवतो. हौदातली होडी वळते. दिवे लागतात, विझतात. तुमच्या शेजारचा गृहस्थ बायकोला हळूच सांगतो की आत माकड बसवलंय. दुसऱ्याचं मत, हा मनातल्या मनात हुकूम सोडतो. टेस्लाला या गमतीचा मोह आवरत नाही. तो होडीला प्रश्न विचारायला सांगतो. चौसष्टचं घनमूळ किती? दिवा चार वेळा लुकलुकतो, असं सांगतात. तुम्ही तिथे आहातच, मोजून घ्या.

आत माकड नाही. एका नळीत धातूचा कीस आहे. रेडिओची लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. ती एक खटका पुढे सरकवते. मग नळी उलटी करून कीस पुन्हा मोकळा करायचा, पुढच्या हुकमासाठी. म्हणजे होडीला ‘उजवीकडे’ किंवा ‘डावीकडे’ असं काही कळत नाही, तिला फक्त ‘पुढची पायरी’ कळते. पेटंट नोव्हेंबरमध्ये मिळेल, क्रमांक ६१३८०९. याच वर्षी अमेरिका स्पेनशी लढली आहे, त्यामुळे टेस्लाच्या डोक्यात खेळणं नाही, पाणतीर आहे. आरमाराला मात्र त्याचं काही पटत नाही.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा, पुढे लागेल. होडी सुरू करण्याआधी हा माणूस कुणालाही काही विचारत नाही. कशाला विचारेल? रेडिओवर होडी चालवणारा इथे तो एकटाच. सगळी हवा त्याची.

टक्.

१९५६. इंग्लंड, रविवार सकाळ, गावातल्या बागेतलं तळं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. या देशात अशी तळी पैशाला पासरी आहेत आणि हा नादही जुना आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातला मॉडेल बोटींचा क्लब १९०४ चा, तर देशभरच्या मोटरबोटवाल्यांची संघटना १९२४ ची.

काठावर पाच जण आपापल्या बोटी शेजारी ठेवून उभे आहेत आणि पाण्यात बोट एकच. बाकीच्यांच्या बिघडल्यात असं वाटेल. तसं नाही, ते रांगेत आहेत. या काळचा रेडिओ-रिसीव्हर सगळ्या गल्लीकडे कान लावून बसलेल्या शेजाऱ्यासारखा असतो. त्याला दिलेल्या २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुणीही काहीही बोललं तरी ते आपल्यालाच, असं समजून तो कामाला लागतो. दोन ट्रान्समीटर एकदम चालू झाले की दोन्ही बोटी दोघांचंही ऐकणार. म्हणून एका वेळी एकच. शर्यत लावायची तर घड्याळाशी.

ओव्हरकोटवाल्याच्या पायाशी ट्रंकेएवढा ट्रान्समीटर आहे, त्याच्यावर माणसाहून उंच काठी. पोस्टखात्याचा परवाना घडी घालून कोटाच्या खिशात. हातात वायरच्या टोकाला एक बटण, फक्त एक. बोटीत रबराला पीळ देऊन ठेवलाय. बटण दाबलं की खटका सुटून सुकाणू उजवीकडे जातं, सोडलं की सरळ होतं, पुन्हा दाबलं की डावीकडे. त्यामुळे मागच्या खेपेला कुठे वळवली होती ते डोक्यात ठेवावं लागतं. पाव टाकणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलायला गेलात की विसरलात, आणि बोट बदकांच्या घोळक्यात. मोटर, बॅटरी, व्हॉल्वचा रेडिओ असं सगळं ओझं घेऊन ती चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जाते. पण जाते, आणि सांगितल्यावर वळते.

तुमच्या कोपरापाशी आठेक वर्षांचा एक पोरगा उभा आहे. गुडघे खरचटलेले, कान चांगलेच पुढे आलेले. बोट परत आली की तो ओव्हरकोटवाल्याला विचारतो, “आता कुणाची पाळी?” माणूस पुढच्याकडे बोट दाखवतो. हे कान लक्षात ठेवा.

टक्.

१९८०. तेच तळं, नवे बाक. आता पाण्यात एकदम चार बोटी आहेत, कारण मधल्या काळात क्रिस्टल आला. करंगळीच्या नखाएवढी पत्र्याची डबी, आत क्वार्ट्झची चकती. ती ठरलेल्या एकाच सुरावर थरथरते आणि रिसीव्हरला बाकी गल्ली ऐकूच येत नाही. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा मुख्य जागा, सहा रंग: तपकिरी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. ज्याचा जो रंग तशी फीत एरियलच्या टोकाला. वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्या फितींकडे लांबून बघितलं तर वाटावं, कुठल्या तरी पालखीला माणसं निघालीत.

पिवळी फीतवाल्याचे कान ओळखलेत? बत्तिशीचा झालाय. गुडघ्यावर बसून तो बोटीत सहा निकेल-कॅडमियम सेलचा पट्टा बसवतोय. शेजारी माबुचीची ५४० मोटर, खेळण्यातल्या गाड्यांत असते तीच. वेग कमी-जास्त करायला एका छोट्या मोटरवर फिरणारी दांडी तारेच्या वेटोळ्यावर घासते. अर्धा वेग मागितलात तर उरलेली अर्धी वीज त्या वेटोळ्यात नुसती तापत बसते. म्हणून सगळे एक तर थांबलेले असतात, नाही तर सुसाट.

त्याची बोट तळ्याच्या मध्यावर पोचते आणि अचानक वेड्यासारखी वळून लव्हाळ्यात घुसते. तो ट्रान्समीटर हलवतो, एरियल ओढतो, इकडेतिकडे बघतो. पिवळ्यावर दुसरं कुणी नाही. मग बागेच्या कुंपणापलीकडून एक मालट्रक जाताना दिसतो आणि काठावरचे सगळे एका सुरात त्याला शिव्या घालतात. अमेरिकेतून चोरून आणलेले सीबी, म्हणजे आपसात बोलायचे रेडिओ ड्रायव्हर लोकांनी केबिनमध्ये बसवलेत, आणि ते बोलतात याच २७ मेगाहर्ट्झवर. ड्रायव्हर मित्राला पुढे पोलीस उभे असल्याचं सांगतो आणि इकडे बोट लव्हाळ्यात जाते. सरकार २ नोव्हेंबर १९८१ ला वेगळ्या जागा देऊन सीबी अधिकृत करेल. मॉडेलवाल्यांनाही नव्या पट्ट्या मिळतील, विमानांना ३५ मेगाहर्ट्झ, जमिनीवर आणि पाण्यावर चालणाऱ्यांना ४०.

कानवाला पँट दुमडून पाण्यात उतरतो. मासेमारीच्या दोऱ्याला टेनिसचा चेंडू बांधून फेकायची युक्ती त्यालाही येते, पण लव्हाळ्यात चेंडूचा उपयोग नाही.

टक्.

१९९५, जूनमधला रविवार, सकाळचे आठ. इथे जरा निवांत थांबा. सगळा दिवस आपला आहे, आणि आज तुम्ही नुसते बघे नाही. तुमची बोट आहे, तुमचं नाव यादीत आहे.

आधी मोटर. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि नवी मोटर अख्खी त्यात बुडवा. हो, बुडवा. दोन सेल जोडून हळू फिरू द्या. मोटरीतले कार्बन चपटे असतात आणि कम्युटेटर गोल. दोघांची मिठी नीट बसेपर्यंत मोटर पूर्ण ताकद देत नाही. पाण्यात ते झटकन एकमेकांना घासून घेतात आणि मोटरही तापत नाही. अर्ध्या मिनिटात पेल्यात काळा धूर उतरल्यासारखा दिसतो, मग पाणी पावसाळ्यातल्या गटारीसारखं होतं. काढा, झटका, वाळवा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. मोटरीच्या बुडाशी तीन बारके कपॅसिटर झाळलेले आहेत ना, ते पुन्हा तपासा. कार्बनच्या ठिणग्या स्वतःच रेडिओ लहरी सोडतात आणि आपल्याच रिसीव्हरचे कान किटवतात. टेस्लाचा हुकूम ज्या ठिणगीतून निघायचा, ती आता नुसता गोंगाट झाली आहे आणि तिला दाबायला तीन कपॅसिटर लागतात.

मग सेल. तुम्ही उतरताय नाविगा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या इको वर्गात: सात सेल, सहा मिनिटं, जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या. सान्योचे १७०० मिलीअँपिअर-तासाचे सेल तुम्ही जुळवून घेतलेत, म्हणजे दुकानदारानं यंत्रावर प्रत्येक सेल रिकामा करून तो किती सेकंद टिकला, सरासरी किती व्होल्ट देत राहिला, ते चिठ्ठीवर छापून चिकटवलंय. सात जणांच्या पत्रिका जुळवायच्या, कारण सातातला एक आधी दमला की बाकीचे त्याला फरफटत नेतात आणि तो कायमचा जातो. जुळवणीचे पैसे सेलच्या किमतीवर वेगळे पडतात, तेही पत्रिकेसारखंच.

आता आकडेमोड करा, इथे सगळे तीच करत बसलेत. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. १७०० चा सेल त्या वेळात संपवायचा तर सरासरी १७ अँपिअर ओढता येतील. त्याहून जास्त ओढलेत तर शेवटची मिनिटं उपाशी. हे सेल दमत दमत हळू होत नाहीत. अखेरपर्यंत ताठ उभे राहतात आणि मग एकदम मान टाकतात. पाण्याला जेमतेम शिवत चाललेली बोट दोन सेकंदांत पोटावर बसते आणि भरलेल्या घागरीसारखी डुलत राहते. म्हणून पंखा निवडताना हात आखडता घ्यायचा. मोठा पंखा लावून पाच मिनिटं पहिला राहिलेला माणूस इथे कुणाच्या खिजगणतीत नसतो.

गाड्या रांगेनं उभ्या आहेत, सगळ्यांची बॉनेट उघडी. बॅटरीला मगरचिमटे, त्यांना चार्जर, त्याला सेलचे पट्टे. सेल भरत आला की व्होल्टेज शेंड्याला जाऊन किंचित खाली घसरतं, चार्जर ती घसरण हेरून बंद होतो. पट्टा हाताला कोमट लागला पाहिजे. नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखा, एकजण म्हणाला असता, पण तो इंग्रज असल्यामुळे चहाच्या किटलीसारखा म्हणतो. संध्याकाळी यातल्या दोन-तीन गाड्या सुरू होणार नाहीत आणि बोटी आवरून सगळे धक्का मारतील. दर रविवारचं आहे.

पलीकडे हायड्रो वर्गातला एकजण ऑक्ट्युराच्या एक्स-४४० पंख्याला कानशीनं धार लावतोय. चाळीस मिलिमीटर व्यास, पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे एका वळशात हिशेबानं छप्पन मिलिमीटर पुढे. पंखा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचा आहे आणि त्याची भुकटी फुप्फुसांना घातक, म्हणून तो पाण्याखाली धरून घासतोय. त्याला बोलायला लावू नका, दोन तास जातील.

आणि आता फळी बघा. झाडाला टेकवलेली, पांढरी, तिच्यावर ओळीनं हिरवे चिमटे. ६६५, ६७५, ६८५, असे ४० मेगाहर्ट्झमधले एकेक नंबर. ७१५ म्हणजे ४०.७१५. नियम एका ओळीत मावतो: तुमच्या नंबरचा चिमटा फळीवरून काढून तुमच्या एरियलला लावल्याशिवाय ट्रान्समीटरचं बटण दाबायचं नाही. चिमटा फळीवर नसेल तर ज्याच्या एरियलला आहे त्याला शोधायचं, त्याचं आटपेपर्यंत थांबायचं, आणि थांबताना माणूस गप्प तर बसत नाही.

फळीपाशी खुर्ची टाकून कानवाला बसलाय. सत्तेचाळिशीचा, डोक्यावर टोपी, कान तिच्याखालून बाहेर. तुमच्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या शर्यतीत, ७१५ चे दोघे निघालेत. “तुमच्याकडे दुसरा क्रिस्टल आहे?” नाही. तो शर्टाच्या खिशातून फिल्मच्या रिळाची डबी काढतो, आत क्रिस्टलच्या जोड्या खुळखुळतायत. दुसऱ्याला ८१५ देतो, परत आणून द्यायची ताकीद देतो. तो दुसरा म्हणजे तुमच्यापेक्षा लहान, आज पहिल्यांदाच आलेला. तुम्ही त्याला रिसीव्हरमधला क्रिस्टल चिमटीनं कसा ओढायचा ते दाखवता. एवढ्यात त्याचं नाव, गाव, बोट कुणाकडून घेतली आणि बाप येऊ देत नव्हता, हे सगळं तुम्हाला कळतं.

झाकणाला चिकटपट्टी लावा. सगळ्या कडांना, दोनदा. पाणी शिरायला फट लागत नाही, निमित्त लागतं.

हीट. सहा बोटी, तीन बोये. पहिलं वळण म्हणजे दादरचा जिना, संध्याकाळी सहाचा. तिथे मागे राहा. दुसऱ्या मिनिटाला एकजण उलटतो, तिसऱ्याला दुसऱ्याच्या पंख्यात शेवाळ अडकतं. चौथ्याला तुम्ही पहिले आहात आणि मोटरीचा आवाज भरलेला आहे, तारसप्तकात लागलेल्या पेटीसारखा. अंगठ्याखाली बोट अशी वागतेय की विचार केला की वळते. टेस्लाच्या हौदापाशी उभ्या त्या दुसऱ्या गृहस्थाचं काय चुकलं होतं?

आणि बोट ताठ होते.

हीच नेमकी भावना. बोट वळत नाही असं नव्हे, ती तुमची राहिलेली नसते. दांडा उजवीकडे, काही नाही. डावीकडे, काही नाही. ती सरळ रेषेत, पूर्ण वेगात, काठाच्या दगडांकडे निघते आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला “अगं अगं” म्हणताना ऐकता. काड् असा आवाज. नाळ आत गेली आहे.

“७१५ कोण?” कानवाला उठून उभा आहे. तळ्यावर शांतता. पार्किंगमधून पंधरा वर्षांचं एक पोरगं येतं, हातात ट्रान्समीटर, चेहरा टोमॅटोसारखा. उद्याची बोट होती, नुसतं सुकाणू हलतंय का बघत होता, एकच मिनिट. चिमटा काढायचा हे माहीत होतं, फळीवर नव्हता म्हणून वाटलं हरवला असेल.

त्याला कुणी बोलत नाही. त्याहून वाईट, कानवाला त्याच्या हातात इपॉक्सीच्या दोन नळ्या आणि चिंधी देतो आणि तुमच्याकडे पाठवतो. पोरगं तुमच्याशेजारी गवतावर बसतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं मिश्रण, त्यामुळे बोलायला वेळ कमी. तो काचकापडाचा तुकडा कापतो, तुम्ही लावता. गाडीच्या एग्झॉस्टपाशी धरून वाळवता. मधे त्याची आई दोघांना काकडीचं सँडविच देते. तिसऱ्या हीटला बोट पाण्यात आहे, नाळ डाकवलेल्या दातासारखी, आणि पोरगं काठावर तुमच्या फेऱ्या मोठ्यानं मोजतंय. तुम्ही चौथे येता.

संध्याकाळी एका गाडीला धक्का मारून झाल्यावर तुम्ही निघता. एरियलचा चिमटा काढून खिशात टाकलाय हे तुमच्या लक्षात नाही.

टक्.

पुढची दहा-पंधरा वर्षं मी तुम्हाला पळतच नेणार आहे, ती गेलीही तशीच. आधी ब्रशलेस मोटरी येतात. लोहचुंबक फिरतं, तारा जागेवर, कार्बनच नाही. कुठल्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची ते कंट्रोलर ठरवतो, चुंबक कुठे आहे हे मोकळ्या वेटोळ्यात उमटणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखून. पेल्यातलं काळं पाणी बंद. मग लिथियम-पॉलिमर. नाविगाचे नियम सेल मोजणं सोडून वजन मोजू लागतात. इकोसारख्या वर्गाला बॅटरी २८० ग्रॅमपर्यंत. तुमच्या सात सेलांचा पट्टा याहून जड होता आणि त्यात वीज निम्मीसुद्धा नव्हती. सहा मिनिटं पुरवण्याची चिंता आहे अजून, पण ती आता श्रीमंताची चिंता आहे. नवी बॅटरी रागीट असते, दुखावली तर फुगते, फुटली तर पेटते, म्हणून काठावर वाळूची बादली येते. कॅडमियम गेल्याचं मात्र कुणी रडू नये. ते विष होतं, युरोपनं २००६ साली त्यावर बंधनं घातली ते बरंच केलं. आठवणी येतात म्हणून विष चांगलं होत नाही.

आणि २००५ च्या सुमाराला २.४ गिगाहर्ट्झ. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची एकदा ओळख करून दिली की ते आपसातल्या खुणेनं बोलतात. काही संच सेकंदाला कितीतरी वेळा जागा बदलत राहतात. जागा बदलत बोलायची अशी एक युक्ती हेडी लामार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी १९४२ सालीच पेटंट केली होती, पियानोच्या पट्ट्यांइतक्या अठ्ठ्याऐंशी जागांची. तिच्यामुळेच आजचं सगळं आलं असं जे सांगतात ते फुगवून सांगतात, पण ते पेटंटही पाण्यातल्या पाणतिरासाठी होतं, आणि टेस्लाच्या डोक्यातही तोच होता. एवढा योगायोग पुरे. काठावर यातलं कुणाला काही माहीत नाही. त्यांना एवढंच कळलंय की आता कुणीही कधीही बटण दाबलं तरी चालतं.

टक्.

आज. तेच तळं. बदकं वेगळी असावीत, रुबाब तोच. पाण्यात दहा-बारा बोटी, आणि त्यांचा वेग बघून पहिल्यांदा तुम्ही चक्क मागे सरकता. ५४० मोटरची बोट डोळ्यानं धरता यायची, हिला धरायला मान फिरवावी लागते. एक उलटते. तुम्ही सवयीनं टेनिसच्या चेंडूसाठी वळता, तोवर एका अंगानं पाणी भरून घेऊन ती आपोआप सुलटी होऊन पळालीसुद्धा. मालकानं ‘उलटली’ असं म्हणायलाही तोंड उघडलं नाही. गाड्यांची बॉनेट बंद आहेत. तरुण लोक येतात, पाण्यात सोडतात, फोनवर वेगाचा आकडा बघतात, उत्तम चालवतात हे मान्य करायला हवं, आणि पुसून ठेवून निघून जातात. यात त्यांचं चुकतं काय, असं मी स्वतःला विचारलंय, आणि मला काही सापडलेलं नाही.

फळी आहे. दोन विटांवर आडवी टाकलीय आणि तिच्यावर थर्मास, बिस्किटं. मागे खुर्चीत कान. बाकीचा माणूस आकसलाय, कान तेवढेच आहेत. पायाशी १९८० ची ती बोट, पुन्हा रंगवलेली, आत माबुचीची ५४०, आणि मांडीवर लांब एरियलचा जुना ट्रान्समीटर, टोकाला पिवळी फीत. बोटीच्या नाळेला कपॅसिटरएवढा एक खळगा आहे, लव्हाळ्याच्या मागच्या दगडाचा. तो त्यानं बुजवलेला नाही.

तुमच्या खिशातून डोकावणाऱ्या हिरव्या लाकडाकडे त्याची नजर जाते. तो हात पुढे करतो. तुम्ही चिमटा देता.

“सातशे पंधरा,” तो म्हणतो. “पंच्याण्णवपासून शोधतोय. तुम्ही नेलात होय.”

तो चिमटा आपल्या एरियलला लावतो. रंगही चुकीचा, नंबरही चुकीचा. टक् असा आवाज होतो. तुम्ही कुठेच जात नाही.

मग तो बोट पाण्यात ठेवतो, एरियल शेवटच्या कांडापर्यंत ओढतो, बटणावर अंगठा नेतो आणि थांबतो. काठावर नजर फिरवतो.

“पिवळ्यावर कुणी आहे का?”

कुणी वळून बघत नाही. हे आपल्याला विचारलंय असं कुणाला वाटलेलंच नाही. अंगठा बटणावर तसाच आहे. तो पुन्हा विचारतो, जरा मोठ्यानं.

“नाही,” तुम्ही म्हणता. “पिवळा मोकळा आहे.”

तो बटण दाबतो.